भिंगातून बघून तुळस कापायची वेळ कळते का?

खारघरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, सातव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. सहा कुंड्यांत तुळस, एका टबात गवती चहा, आणि सोसायटीच्या गच्चीवर ग्रो बॅगमध्ये अक्षय्य तृतीयेला लावलेली हळद. काही परदेशी व्हिडिओ बघून मी एक भिंग मागवलं. त्यात सांगतात की झाडावरचे बारीक थेंब आधी काचेसारखे असतात, मग दुधाळ होतात, मग मधाच्या रंगाचे. दुधाळ झाले की कापायचं. माझ्या तुळशीवरचे थेंब आत्ताच पिवळसर दिसतात. म्हणजे उशीर झाला का? आणि हळदीची पानं नोव्हेंबरातच पिवळी पडायला लागलीत. खणून काढू का?"

तुळशीला उशीर झालेला नाही. हळद खणू नका. आता कारणं.

तुम्ही जे व्हिडिओ बघितलेत ते बहुतेक गांजाच्या झाडाचे आहेत. तो पारदर्शक-दुधाळ-मधाळ रंगाचा नियम त्या झाडापुरता आहे. गांजाच्या मादी फुलोऱ्यावर देठ असलेल्या राळेच्या ग्रंथी असतात, टाचणीच्या डोक्यासारख्या. त्या डोक्यात राळ भरत जाते तसा त्यांचा रंग बदलतो, आणि जुनी झाली की आतल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, हळूहळू सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य होत जातं. तिकडे कायद्याने परवानगी असलेले उत्पादक भिंग लावून तेच बघत असतात. आपल्याकडे परवान्याशिवाय या झाडाची लागवड हा १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाल्कनीतल्या एका कुंडीलाही त्यातून सूट नाही. तेव्हा तो विषय इथेच सोडू. पण त्या व्हिडिओंमुळे हल्ली बरेच जण तुळशीकडे, पुदिन्याकडे, अगदी कढीपत्त्याकडेसुद्धा भिंग लावून बघतात आणि नसत्या काळजीत पडतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुळशीवर ग्रंथी असतात हे खरं आहे. तुळस, सब्जा, पुदिना, ओवा म्हणून घरोघरी लावतात ते जाड पानांचं झाड, सगळी एकाच कुळातली, आणि या कुळाचा वास पानावरच्या ग्रंथींतूनच येतो. तुमचं भिंग पानाच्या खालच्या बाजूला लावा. केसांच्या लवेच्या मध्ये, पानाच्या पृष्ठभागात बसल्यासारखे गोल, चकचकीत, पिवळट ठिपके दिसतील. ते चपटे असतात, देठावर उभे नसतात. वरून एक पातळ पापुद्रा आणि त्याच्या आत तेल. हे ठिपके कोवळ्या पानातही पिवळसर दिसू शकतात आणि महिन्याभरानंतरही तसेच राहतात. त्यांच्या रंगावरून झाड तयार आहे की नाही, हे ठरवता येत नाही. दुधाळ व्हायची वाट बघत बसलात तर झाड बी धरून, पानं गाळून मोकळं होईल.

भिंगातून एक गोष्ट मात्र नक्की शिकायला मिळते. शेंड्याचं नखाएवढं पान आणि खालचं मोठं जून पान शेजारी शेजारी ठेवून बघा. कोवळ्या पानावर ठिपके दाटीवाटीने असतात, जून पानावर विरळ. पान वाढताना या ग्रंथी बहुतांशी लहानपणीच तयार होऊन जातात. नंतर पान फक्त पसरतं आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. म्हणूनच चहात शेंड्याची चार पानं टाकली तर जो ठसका येतो तो खालच्या आठ पानांना येत नाही. घरच्या वापरासाठी तुळस खुडताना नेहमी शेंडा खुडा, खालची पानं ओरबाडू नका. खालची पानं झाडाला जेवू घालतात.

आता प्रश्न कधी कापायची हा. यात आधी ठरवा, तुम्हाला काय हवंय. रोजच्या चहाला ताजं पान हवंय, वर्षभर पुरेल असा वाळवलेला पाला हवाय, की बी हवंय. तिन्हींची वेळ वेगळी आहे, आणि एकाच झाडावर तिन्ही एकदम साधत नाहीत. बाल्कनीत फसगत होते ती याच ठिकाणी: माणूस मनात एक धरतो आणि झाडाकडे बघतो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

ताज्या पानासाठी मंजिरी यायच्या आधीची अवस्था चांगली. पान मोठं, मऊ, रसरशीत असतं. मंजिरी जेमतेम दिसायला लागली, करंगळीच्या नखाएवढी झाली, की तिच्याखालच्या पानांच्या जोडीसकट शेंडा खुडायचा. दोन्ही बाजूंनी नवे फुटवे येतात आणि झाड झुपकेदार होतं. हे करत राहिलात तर मंजिरी लांबणीवर पडते आणि पान मिळत राहतं.

वाळवून ठेवायचा पाला मात्र फुलोऱ्यात कापतात. शेतावर तुळशीची पहिली कापणी लागवडीनंतर साधारण ९० ते ९५ दिवसांनी, झाड पूर्ण फुलावर असताना करतात आणि पुढच्या कापण्या दर ६५ ते ७५ दिवसांनी. तेव्हा तेल भरपूर असतं आणि मंजिरीतही वास असतो. पण 'पूर्ण फुलावर' म्हणजे नेमकं काय, ते दिवस मोजून कळत नाही, मंजिरी हातात घेऊन बघावं लागतं. मंजिरी खालून वर उमलत जाते. एक चांगली लांब मंजिरी घ्या. तळाच्या फुलांच्या पाकळ्या गळून गेल्या असतील, पण त्यांचे पेले, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणाऱ्या बारीक वाट्या, अजून हिरवे किंवा जांभळे, ओलसर असतील. मधल्या भागात बारीक जांभळट-पांढरी फुलं उघडलेली असतील आणि त्यावर मधमाश्या घिरट्या घालत असतील. टोकाला अजून बंद कळ्या असतील. ही वेळ कापायची. तळाचे पेले तपकिरी, कागदासारखे व्हायला लागले की समजा झाडाचं लक्ष बियांकडे गेलं. तिथून पुढे खालची पानं पिवळी पडून गळतात, काडी लाकडी होते, वासही बोथट होतो. झाडावरच्या सगळ्या मंजिऱ्या एकाच अवस्थेत कधीच नसतात, म्हणून निम्म्याहून जास्त मंजिऱ्या कुठे आहेत ते बघून ठरवायचं.

दुसरी खूण नाकाची. मधलं एक पान अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळा. नुसता हिरवा, गवतासारखा वास आला तर थांबा. लवंगेसारखा तीक्ष्ण वास आला आणि बोटं धुतल्यावरही राहिला तर पान तयार आहे. लवंगेची आठवण यावी यात नवल नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं जे वासाचं द्रव्य असतं तेच आपल्या घरच्या तुळशीत मुख्यत्वे असतं. राम तुळशीपेक्षा कृष्ण तुळशीचा वास मला नेहमीच जास्त झणझणीत वाटत आलाय, पण हे माझ्या नाकाचं मत समजा. कापूर तुळशीचा वास मुळातच निराळा, तिला लवंगेची कसोटी लावू नका.

ठाणे आणि नवी मुंबईत या सगळ्यावर पावसाचं राज्य असतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तुळस भराभर वाढते, पानं मोठी होतात, पण त्यांत पाणीच जास्त. चार दिवस झड लागल्यावर खुडलेलं पान आणि आठवडाभर कडक ऊन पडल्यावर खुडलेलं पान, दोन्ही चोळून बघा. फरक सांगावा लागणार नाही. शिवाय पावसाळ्यात कापलं तर वाळवणार कुठे? खाडीवरून येणारी दमट हवा, घरात आधीच कपडे वाळत घातलेले, त्यात तुळशीच्या जुड्या टांगल्या की चौथ्या दिवशी काळ्या पडतात आणि पांढरी बुरशी धरतात. म्हणून वाळवायची मोठी कापणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर हीटमध्ये किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तुमचा प्रश्न आला ती वेळ अगदी योग्य आहे. तुळशीच्या लग्नाच्या आसपास आपल्याकडची तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली असते.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. वृंदावनातली, पूजेची तुळस कापायला बऱ्याच घरांत हात धजत नाही, आणि रविवारी, एकादशी-द्वादशीला, दिवेलागणीनंतर तुळस खुडत नाहीत. सासूबाईंशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. पूजेची कुंडी वेगळी ठेवा, चहाची वेगळी. तुमच्याकडे सहा आहेत, एक देवाची म्हणा आणि उरलेल्या पाचांवर कात्री चालवा. देवाच्या कुंडीतल्या मंजिऱ्या पूर्ण वाळू द्या. त्याच पुढच्या वर्षीचं बी. तपकिरी मंजिरी तळहातावर चुरगाळली की बारीक काळपट दाणे निघतात, फुंकर घालून भुसा उडवायचा आणि कागदाच्या पुडीत ठेवायचं. सब्जालाही हीच रीत. फक्त सब्जाचं बी गोळा करताना मंजिरीखाली ताट धरा, नाहीतर निम्मं बाल्कनीत सांडतं.

कापायचं कसं? आदल्या संध्याकाळी झाडावर पाण्याचा हलका फवारा मारून धूळ धुऊन टाका. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. तिथे मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ पानावर थरच्या थर बसते. खालच्या मजल्यावर, थेट हायवेकडे तोंड करून असलेल्या बाल्कनीतली तुळस मी वाळवून ठेवत नाही, ती फक्त देवाला. तुमचा सातवा मजला आहे, एवढी चिंता नको, पण फवारा माराच. सकाळी दव पूर्ण उडून गेल्यावर आणि ऊन तापायच्या आधी कापा, आपल्याकडे साधारण आठ-नऊच्या सुमाराला. ओल्या पानाची जुडी बांधली की आतून काळी पडते. दुपारच्या उन्हात झाड मलूल असतं आणि वासही हवेत उडून जात असतो. कात्री धारदार हवी. जमिनीपासून एक वीतभर, साधारण १५ ते २० सेंटिमीटर, ठेवून वरचं कापा, आणि खाली प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पानं राहतील हे बघा. पार जुन्या, पानं नसलेल्या लाकडावर कापलेली तुळस पुष्कळदा पुन्हा फुटत नाही. कापल्यावर दोन दिवस पाणी बेताचं द्या, पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? नवे फुटवे दिसले की मूठभर गांडूळखत.

निंबोळी तेलाची फवारणी केली असेल तर आठ-दहा दिवस कापू नका. पानाला कडवट वास राहतो आणि तो वाळवल्यावर आणखी जाणवतो. बाजारातलं दुसरं कुठलं कीटकनाशक मारलं असेल तर ती तुळस चहाला घेऊच नका.

वाळवायला ऊन नको. लोकांना हे पटत नाही, कारण आपल्याकडे पापड, कुरडया, आमसुलं सगळं उन्हातच वाळतं. पण तुळशीचा वास म्हणजे उडून जाणारं तेल, ऊन लागलं की ते आधी जातं आणि मागे हिरवट-काळा चुरा राहतो. सावलीत, वारा खेळता राहील अशा ठिकाणी, सुती कापडावर एकेरी पसरा किंवा चार-पाच काड्यांच्या लहान जुड्या उलट्या टांगा. पंखा अंगावर नको, बाजूने. नोव्हेंबरात आठ-दहा दिवस लागतात. पान बोटांत धरलं की कुरकुरून तुटायला हवं आणि बारीक काडी वाकण्याऐवजी कट्कन मोडायला हवी. पान तुटतं पण काडी वाकते, अशी एक फसवी अवस्था मध्ये येते. तेव्हा बरणीत भरलं तर काडीतला ओलावा पानांत उतरतो आणि दोन दिवसांनी झाकणाच्या आतून वाफ धरलेली दिसते. असं दिसलं तर बरणी रिकामी करून परत पसरा. पहिला आठवडा रोज एकदा झाकण उघडून वास घ्या. ओल्या गवताचा किंवा कोंदट वास आला तर आत ओल आहे. वास स्वच्छ आला की बरणी अंधाऱ्या कपाटात. पानं अख्खीच ठेवा, चुरा चहा करतानाच करायचा.

गवती चहाला भिंगाचा काहीच उपयोग नाही. त्याचं तेल पानावर नसतं, पानाच्या आतल्या पेशींत असतं, त्यामुळे पात मोडल्याशिवाय वास येत नाही. लावल्यापासून तीन महिन्यांनी पहिली कापणी, मग दर दोन महिन्यांनी एकदा. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर सोडून कापायचं. हातमोजे घाला, पातीच्या कडेने हात कापतो आणि लिंबाच्या रसासारखं चुरचुरत राहतं. कापलेली पात अर्धा दिवस सावलीत सुकत ठेवली तर वास एकवटतो. टब तुमचा वर्षाहून जुना असेल तर मधली वाळलेली पाती उपटून टाका आणि ठोंब फोडून दोन टब करा, शेजाऱ्यांना द्या. खरं तर गवती चहा एवढा निर्लज्ज आहे की त्याच्या कापणीची चिंता करत बसू नये.

आता हळद.

हळदीच्या बाबतीत पान पिवळं पडणं हीच खूण, हे तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. पण पिवळं कधी पडतं आणि कसं पडतं, त्यात सगळं आलं. हळदीला जातीप्रमाणे सात ते नऊ महिने लागतात. आपल्याकडच्या सेलम, राजापुरी या जाती आठ-नऊ महिन्यांच्या. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे एप्रिल-मेला लावलीत तर काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. सांगलीकडे, वसमतकडे शेतावर काढणी त्याच्या पुढे मार्चपर्यंत चालते. नोव्हेंबर म्हणजे गड्डा भरायच्या ऐन मोसमात आहोत आपण. ऑगस्टपर्यंत हळद पानं आणि खोड करते, गड्डा खऱ्या अर्थाने पोसतो तो पावसानंतर. आत्ता खणलीत तर बोटाएवढी, पाणचट हळकुंडं निघतील. लोणच्याला चालतील, दळायला नाही.

मग पानं पिवळी का? बाल्कनीतल्या आणि गच्चीवरच्या हळदीत मला नेहमी दिसणारी कारणं सांगते, तुम्ही तुमच्या बॅगेशी ताडून बघा. पानावर तपकिरी, लांबट ठिपके आणि त्यांच्याभोवती पिवळं वलय असेल तर तो करपा. ठिपके एकमेकांत मिसळून पान भाजल्यासारखं दिसतं. पाऊस सरताना, दव पडायला लागल्यावर हा जोर धरतो. रोगट पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि बॅगा जरा लांब लांब ठेवा. ठिपके नाहीत, पण खालची पानं एकसारखी फिकट होत चालली आहेत, तर पावसाने माती धुऊन गेली आणि झाड उपाशी आहे. गच्चीवरच्या बॅगेतून चार महिन्यांत किती खत वाहून जातं ते बघायचं असेल तर खालच्या भोकातून आलेल्या पाण्याचा डाग बघा. शेणखत किंवा गांडूळखताचा थर द्या, वर मातीची भर घाला. गड्डे उघडे पडले असतील तर ते आधी झाका. तिसरं कारण सगळ्यात वाईट. एखादंच झाड कडेने सुरू होऊन झपाट्याने पिवळं पडलं, आणि खोड धरून हलकं ओढल्यावर सहज हातात आलं, बुडाशी मऊ आणि कुजका वास, तर ती कंदकुज. बॅगेत पाणी साचून राहिलं की होते, कंदमाशीही तिला हातभार लावते. ती बॅग बाजूला काढा, त्यातले घट्ट, निरोगी गड्डे धुऊन स्वयंपाकाला वापरा, त्या मातीत पुढल्या वर्षी हळद किंवा आलं लावू नका आणि त्यातलं बेणं, म्हणजे लावणीसाठी राखायचे गड्डे, तर नकोच नको.

पक्व होऊन वाळणारी हळद वेगळी दिसते. सगळ्या बॅगा थोड्याफार एकाच सुमाराला उतरायला लागतात. खालच्या पानापासून सुरुवात होते, पान टोकाकडून आणि कडांनी वाळत आत येतं, ठिपके नसतात, कुजका वास नसतो. मग खोडच मधून कमकुवत होऊन आडवं पडतं. नवीन पान येणं कधीच थांबलेलं असतं. ही अवस्था डिसेंबरच्या शेवटाला सुरू होते आणि जानेवारीत पूर्ण होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळं कधी घ्यावीत ते सांगताना ग्रीष्म किंवा शिशिर म्हटलंय, पानं झडून गेल्यावर. हळद हा कंद असला, तरी आपली जानेवारी-फेब्रुवारीतली काढणी मुळांच्या त्या हिशोबात बसते.

तरी खात्री करायची असेल तर पूर्ण झाड उपटायची गरज नाही. बॅगेच्या कडेची माती बोटांनी उकरा, एखादं हळकुंड उघडं पडेल. त्यावर अंगठ्याचं नख हलकं फिरवा. साल कोवळ्या आल्यासारखी लगेच सोलून निघाली तर कच्ची. साल घट्ट, खरखरीत, आडव्या रेघा स्पष्ट, आणि नखाला जोर लावावा लागला तर तयार. एक तुकडा मोडून बघा: कच्च्या हळदीचा गर फिकट पिवळा आणि पाणी सुटणारा, पक्व हळदीचा गडद नारिंगी, मोडताना ठाम. माती परत सारून ठेवा, झाडाला काही होत नाही.

मधल्या काळात पानं तोडायचा मोह आवरा. श्रावणात पातोळ्यांना, गणपतीत मोदकांखाली घालायला चार पानं घेतली तर हरकत नाही, ती घ्यायचीच असतात. पण एका झाडाची निम्मी पानं नेलीत तर गड्डा कशावर पोसणार? आपल्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरच्या हळदीची पानं गणेशोत्सवात रातोरात गायब होतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

बहुतेक पाला वाळला की पाणी तोडा, साधारण पंधरा दिवस ते तीन आठवडे. माती कोरडी झाली की गड्डे सुटे निघतात आणि साल आणखी घट्ट होते. मग पाला मातीपासून इंचभर ठेवून विळ्याने किंवा कात्रीने कापा आणि चार-पाच दिवस तसंच राहू द्या. शेतकरी म्हणतात, पाल्यातला रस खाली उतरतो. कारण काही असो, रीत चांगली आहे, कारण तेवढ्यात कापलेली टोकं सुकतात. त्यानंतर बॅग आडवी करून सगळा गठ्ठा बाहेर काढा. खुरप्याने खणू नका, बॅगेत खुरपं आंधळं चालतं आणि निम्मी हळकुंडं कापली जातात. माती झटका, धुऊ नका लगेच. मधला जाड तो जेठा गड्डा, त्याला बाजूने फुटलेली ती हळकुंडं. हाताने मोडून वेगळी करा.

दळायची हळद हवी असेल तर उकडावी लागेल. हळकुंडं धुऊन, बुडेल एवढ्या पाण्यात, ४५ मिनिटं ते तासभर. वर फेस येतो, वाफेला हळदीचा खास वास सुटतो, आणि वाळलेली काडी हळकुंडात सहज घुसते, तेव्हा गॅस बंद. कमी शिजली तर आत पिठूळ राहते, जास्त शिजली तर रंग जातो. जेठे गड्डे जाड, ते वेगळे शिजवा. मग गच्चीवर कडक उन्हात दहा-पंधरा दिवस. इथे ऊन हवंच, तुळशीसारखी सावली नको, आणि संध्याकाळी झाकायला विसरू नका, फेब्रुवारीतही पहाटे दव पडतं. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो वाळलेली होते, त्यामुळे दोन-तीन बॅगांच्या हळदीसाठी गिरणीवाला फारसा उत्साह दाखवणार नाही. त्यांच्याकडे आधीचं मिरचीचं दळण झालेलं असेल तर सरळ परत या.

मला विचाराल तर एवढ्याशा हळदीला उकडण्या-दळण्याची यातायात करू नका. ओली हळद किसून लिंबाच्या रसात, मिठात घाला, आल्याचे दोन तुकडे, हिरवी मिरची. महिनाभर फ्रीजमध्ये टिकते. त्यासाठी पूर्ण पक्व होण्याच्या थोडं आधी, जानेवारीच्या सुरुवातीला एक बॅग काढली तरी चालेल, तेव्हा ती कमी तंतूदार असते. बाकीच्या बॅगा राहू देत. वाशीच्या बाजारात आणि ठाण्यात जांभळी नाक्यावर त्या दिवसांत ओली हळद येतेच, तिच्याशी तुमची ताडून बघा. रंग कळेल.

बेण्यासाठी सगळ्यात निरोगी झाडाचे जेठे गड्डे बाजूला काढा, ठसठशीत, डोळे स्पष्ट असलेले, कुठे जखम नसलेले. ते धुऊ नका, उकडायच्या ढिगात चुकून जाऊ देऊ नका. टोपलीत कोरडी वाळू किंवा कोकोपीट, त्यात गड्डे, वर सुकलेल्या हळदीच्याच पाल्याचा थर, आणि टोपली अंधाऱ्या, वारा येणाऱ्या जागी. प्लास्टिकच्या पिशवीत नको, फ्रीजमध्ये नको. पंधरा दिवसांतून एकदा चाळवा आणि मऊ पडलेला गड्डा दिसला की लगेच काढून टाका. एप्रिलच्या उकाड्यात डोळे फुगून कोंब दिसायला लागतील, ते बोटाच्या पेराएवढे झाले की बॅगा भरायला घ्या.